चाखलेला नैवेद्य

"कुंदा, बरणी कुठे चाललीय?"

कुंदा दचकली. मिठाची चिनीमातीची बरणी तिनं पदराखाली धरली होती आणि कनातीच्या फटीतून ती बाहेर पडण्याच्या बेतात होती.

"कुठे नाही, काका. उन्हात होती म्हणून सावलीत ठेवत्येय."

"मिठाला ऊन लागतं?"

तिनं बरणी भट्टीजवळच्या फळीवर ठेवली आणि कोथिंबीर निवडायला बसली. पण तिची नजर काही त्या बरणीवरून हलेना, आणि माझी तिच्यावरून.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. आमच्या तालुक्याचा पहिला खाद्यमहोत्सव शाळेच्या मैदानावर भरला होता. फाटकावर मोठा फलक होता, 'मातीतल्या चवी'. आत शिरलं की पहिल्या सहा स्टॉलांपैकी चार मंचूरियनचे. चौदा नंबरचा स्टॉल आमच्या राममंदिराचा. तिथे एकच पदार्थ होता, आमटी-भात. मनूअक्कांची आमटी.

मनूअक्का कुणाच्या सख्ख्या अक्का नव्हत्या, पण सगळा गाव त्यांना अक्का म्हणे. वय चौऱ्याहत्तर. देवळामागच्या खोलीत एकट्या राहायच्या आणि एकतीस वर्षं रामनवमीच्या उत्सवातला नैवेद्याचा स्वयंपाक त्यांच्या हातचा होता. नऊ दिवस कीर्तन, आणि कीर्तनानंतर तीनशे पानं. कुंदा ही त्यांच्या शेजारची, चाळिशीची बाई, आठ-नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली होती.

त्या वर्षी आमचे विश्वस्त मधुकरराव खरे यांनी माघातच विषय काढला होता. "त्र्यंबकराव, अक्का थकल्या. मागच्या साली दोनदा आमटी खारट झाली. तुम्ही खाल्लीत, मी खाल्ली, तीनशे माणसांनी खाल्ली. कुणी ब्र काढला?"

"प्रसादाला नावं ठेवायची नसतात, मधुकरराव."

"तेच म्हणतो मी. आपण नावं ठेवणार नाही आणि कुणाला काही कळणार नाही. या साली पाटणकरांच्या बंडूला देऊ या काम. लग्नामुंजींची दोन-दोन हजार पानं उठवतो तो."

मी हट्टाला पेटलो. शेवटी असं ठरलं, की महोत्सवात देवळाचा स्टॉल लावायचा. बाहेरची माणसं चव घेतील, ती काही भिडेखातर गिळणार नाहीत. दुपारी चार वाजता मधुकरराव आणखी दोन विश्वस्तांना घेऊन स्वतः जेवायला येतील, आणि उत्सवाचं स्वयंपाकघर अक्कांचं की बंडूचं, ते तिथेच सांगतील. अक्कांना हे कळलं तेव्हा त्या हसल्या. "घ्या बापड्यांनो परीक्षा," म्हणाल्या. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं कुंदाच मला म्हणाली होती.

आणि हीच कुंदा महोत्सवाच्या चार दिवस आधी मला बंडूच्या टेम्पोशी उभी दिसली होती. दोघंही हळू आवाजात बोलत होती. मला बघताच बंडू टेम्पोत चढला आणि कुंदानं पदर सावरत विषय बदलला, "काका, यंदा बुवा कोण येणार हो?" मला कीर्तनाचं विचारलं की मी विरघळतो, हे तिला ठाऊक होतं. त्या दिवशी मी विरघळलो नाही.

महोत्सवात बंडूचा स्टॉल पंधरा नंबरचा, आम्हाला खेटून. मध्ये एक कापडी कनात.

"त्रिंबका, बुवांना लाव की रे," अक्का भट्टीशी बसत म्हणाल्या. "त्यांच्याशिवाय माझी आमटी उकळत नाही."

हे काही नुसतं लाडाचं बोलणं नव्हतं. देवळाचं स्वयंपाकघर सभामंडपाच्या भिंतीलाच लागून. अक्कांनी उभ्या आयुष्यात स्वयंपाक करताना घड्याळ पाहिलं नाही, कीर्तन हेच त्यांचं घड्याळ. बुवांनी पूर्वरंग धरला की डाळ घोटायची. निरूपण संपून नामाचा गजर उठला की मीठ आणि गूळ. आख्यान रंगात आलं की आच मंद करायची, आरतीला पातेलं उतरवायचं. चाखायचं नाही, कारण देवाच्या आधी जिभेला लावलं की ते उष्टं झालं.

मी बुवांमागे टाळ धरून उभा राहणारा माणूस. आमच्या गोविंदबुवांची जुनी कीर्तनं मी भाच्याकडून पेन ड्राइव्हवर भरून आणली होती. पण दीड-दोन तासांचं कीर्तन जत्रेच्या गर्दीत कोण ऐकणार? म्हणून निरूपणं गाळून टाकली होती. माझ्या आवडीचे गजर आणि मधेमधे आख्यानाचे तुकडे एकामागून एक जोडून घेतले होते. पहिलाच गजर स्पीकरवर उठला आणि माझे डोळे आपसूक मिटले. बुवांचा आवाज वर चढतो, मागून झांज भिडते, आणि मग मला जग नाही.

डोळे उघडले तर कुंदा पुन्हा त्या बरणीशी.

आता मात्र मी उठलो. "कुंदा, तू पुढे जा. पानं मांड, पाणी भर, वाढायला तू पुढेच थांब. इथे मी आहे."

"काका, मी आतच बरी. अक्कांना लागेल ते..."

"अक्कांना लागेल ते मी देईन."

"तुम्हाला नाही जमायचं," ती म्हणाली. तिचा चेहरा असा काही झाला होता, की माझी खात्रीच पटली. एवढी का ही त्या पातेल्याला चिकटून? "काका, ऐका माझं. निदान..."

"जा म्हणतो ना!"

अक्का हसल्या. "जा ग बाई. त्रिंबकाला आज स्वयंपाकाची हौस आलीय."

ती गेली. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं. मी बरणीशेजारीच स्टूल टाकून बसलो. पलीकडून बंडूच्या माणसांचा गलका येत होता आणि इकडे बुवा गात होते. एक गजर, आख्यानाचा तुकडा, दुसरा गजर, तिसरा. प्रत्येकाला माझे डोळे मिटत होते, मान डोलत होती. इतकं छान वाटत होतं, की मी कुंदाला विसरूनसुद्धा गेलो.

बाराला अक्कांनी रामाच्या तसबिरीपुढे नैवेद्य ठेवला, पाणी फिरवलं, आणि पहिली पानं वाढली गेली.

पहिला माणूस परतला तो भात तसाच ठेवून. "आजोबा, समुद्र इथून दीडशे किलोमीटर ना? मग आमटी तिथून आणलीत की काय?"

मला वाटलं, थट्टेखोर असेल. पण त्याच्यामागून एक बाई आली. तिनं द्रोण माझ्यापुढे धरला. "देवाला बीपी नाही हो, आम्हाला आहे."

"जरा जास्तच झालंय," तिच्याबरोबरची म्हातारी पुटपुटली. "जरा नाही, पुष्कळच."

पाऊण तासात आमच्यापुढची रांग उठली आणि पंधरा नंबरला जाऊन लागली. आमच्या कीर्तनातले एक नेहमीचे श्रोते तेवढे शेवटपर्यंत बसून राहिले. त्यांनी पान चाटूनपुसून साफ केलं, "छान!" म्हणाले आणि तीन पेले पाणी प्यायले.

"काय झालं रे?" अक्कांनी विचारलं. "माणसं का जातायत?"

सांगणं भाग होतं. "खारट म्हणतात, अक्का."

"माझी आमटी?" नैवेद्य होऊन गेला होता, तेव्हा आता चाखायला हरकत नव्हती. त्यांनी ओगराळ्यातली थेंबभर तळहातावर घेतली, जिभेला लावली. त्या म्हणाल्या, "हा हात माझा नाही. यात कुणीतरी घातलंय."

मला तेवढंच हवं होतं. मी तडक पुढे गेलो. दहा-पंधरा माणसं उभी होती, बंडूही कनातीवरून मान काढून बघत होता.

"कुंदा, खरं सांग. मीठ तू टाकलंस ना?"

तिच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"सकाळी बरणी पदराखाली घेऊन कुठे निघाली होतीस? टेम्पोपाशी बंडूनं काय शिकवलं तुला?"

"ओ काका, मला कशाला ओढताय मधे?" बंडू ओरडला. "माझ्याकडे गिऱ्हाईक आवरत नाहीये, तुमच्या आमटीत मीठ टाकायला मला वेळ कुठाय?"

मी त्याच्याकडे बघितलंही नाही. कुंदा माझ्याकडे बघत होती. मग तिनं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. अक्का कनातीला धरून उभ्या होत्या, पांढऱ्याफटक.

"हो काका," कुंदा म्हणाली. "माझ्या हातून पडलं."

"पडलं की टाकलंस?"

"तुम्ही म्हणाल ते."

तिनं तांब्या ठेवला, खोचलेला पदर सोडला आणि शाळेच्या नळापाशी जाऊन पाठ करून बसली. अक्का एवढंच म्हणाल्या, "पोटच्या पोरीसारखी वागवली रे मी हिला."

दीड वाजला होता. शिजवलेली डाळ अजून एका पातेल्यापुरती होती. "अक्का, चारच्या आत होईल?" मी विचारलं.

"होईल. पण तू हलू नकोस इथून."

मी हललो नाही. स्टूल आणखी पुढे ओढलं. बरणी माझ्या गुडघ्याला लागून, पातेलं समोर, आणि डावीकडे कनात, जिच्या पलीकडे बंडू. एक मुंगी जरी आत आली असती तरी मला दिसली असती. अक्कांनी फोडणी दिली, डाळ ओतली, चिंचेचा कोळ घातला. स्पीकरवर आख्यानाचा तुकडा संपला आणि गजर उठला. बुवांच्या गजराला मी आयुष्यात पहिल्यांदा डोळे उघडे ठेवले.

अक्कांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. त्यांचा हात बरणीत गेला, मूठ भरली, पातेल्यावर रिकामी झाली. मग गुळाचा खडा. मोजून मापून केल्यासारखं. मी मनात म्हटलं, झालं, मीठ माझ्या डोळ्यांदेखत पडलं. आता कुणाची छाती आहे बघू.

दहा मिनिटांनी दुसरा गजर उठला.

अक्कांचे डोळे मिटले. ओठ हलायला लागले. हात बरणीत गेला, मूठ भरली, रिकामी झाली.

मी मनाला म्हटलं, पातेलं मोठं आहे. दोन हप्त्यांत घालत असतील. एकतीस वर्षं करतायत, मी कोण सांगणार? कनातीकडे पाहिलं. तिकडून कुणी काही केलं असतं तर मला समजलं असतं, पण तिकडून कुणी काही करत नव्हतं.

तिसरा गजर उठला आणि हात पुन्हा निघाला. मी तो मनगटाशी धरला.

"घातलंय, अक्का."

"काय घातलंय?"

"मीठ. दोनदा घातलंत."

"वेडा की काय? आत्ता तर गजर होतोय." त्यांनी हात सोडवून घ्यायला पाहिलं. मी सोडला नाही. तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तसं त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "त्रिंबका, तू कधीचा बसलायस इथे?"

"तुम्हीच बसवलंत ना मला?"

"आणि कुंदाला तू का हाकललंस?"

त्यांनी दुसऱ्या हातानं बरणी स्वतःकडे ओढली, आणि उठून गेलो तर त्या पुन्हा घालतील हे मला दिसत होतं. एवढ्यात मागून कुणीतरी स्पीकरची वायर उपटली. बुवांचा आवाज मधेच तुटला. कुंदा होती.

"काका, बाहेर या," ती म्हणाली. अक्कांच्या हातातून बरणी घेत तिनं सहज विचारलं, "अक्का, भात किती टाकू?" आणि अक्का लगेच तांदूळ काढायला वळल्या. इतकं सोपं होतं ते.

नळापाशी तिनं मला सगळं सांगितलं. फार नव्हतंच सांगायला. सव्वा वर्षापासून अक्का विसरत होत्या. आधी दाराची कडी, मग शेजारणींची नावं, मग मीठ. गजराला घालायच्या आणि आरतीचा घोष झाला की पुन्हा हात जायचा. "ते दोनदा खारट झालं ना, तेव्हा माझ्या लक्षात आलं. मग मी एकदा मीठ पडलं की बरणी उचलायला लागले. पदराखाली धरून ओसरीवर ठेवून यायचे. त्यांना मात्र कळू द्यायचं नाही. आज तर आधीच हलवणार होते, हवं तेवढंच हातात द्यायचं म्हणून. त्यात तुम्ही एकसारखे गजरच लावलेत."

"मला सांगायचं होतंस ना."

"कुणाला सांगितलं असतं, तर त्यांना स्वयंपाकघरात येऊ दिलं असतं का तुम्ही?"

"आणि बंडू?"

"हातापाया पडत होते त्याच्या. दोन वर्षं थांब म्हटलं, मग घे काम."

"मघाशी 'हो' का म्हणालीस मग?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहान पोराकडे बघतात. "एवढ्या माणसांत विचारलंत, काका. अक्का मागेच उभ्या होत्या. दुसरं काय म्हणणार?"

मी स्टॉलकडे बोट दाखवलं. "ही आमटी सावरता येईल? पाणी वाढवून?"

"नुसतं पाणी वाढवून काय होणार? डाळ संपली."

चार वाजता मधुकरराव आले, बरोबर दोघे विश्वस्त. अक्कांनी नैवेद्य दाखवला, पानं मांडली, स्वतः वाढलं. पुढे चार-सहा लोक कुतूहलानं उभे होते. मधुकररावांनी भात कालवला, पहिला घास घेतला आणि हात तसाच पानावर थांबवला. बाकीच्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"कशी झालीय?" अक्कांनी विचारलं.

मधुकरराव माणूस वाईट नव्हता. त्यांनी खाली बघूनच सांगितलं, "अक्का, खारट आहे हो. खूपच."

"नाही. असं कसं होईल?" अक्कांनी आमच्याकडे पाहिलं. "सकाळी कुंदाकडून पडलं. पण आता कुंदा नव्हती. ती नळापाशी होती, मी बघितलंय." त्या थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठी आली, आणि त्या आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागल्या. "मग आता तर मीच..."

"मी घातलं," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले.

"मधुकरराव, मीठ मी घातलं. सकाळीही मीच. कुंदानं उगाच अंगावर घेतलं."

"तुम्ही? अहो, पण का?"

"अळणी वाटली."

"वाटली?" हा आवाज अक्कांचा होता. त्यांचा उजवा हात आता खाली गेला होता. "वाटली म्हणजे काय रे? चाखलीस तू?"

तसबीर माझ्या पाठीशी होती. तुळशीचा हार अजून ताजा होता, त्याचा वास येत होता. चाळीस वर्षं मी बुवांच्या मागे उभा राहिलो, आणि त्या चाळीस वर्षांत देवाच्या आधी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

"चाखली," मी म्हणालो.

"नैवेद्याच्या आधी?"

"हो."

कुंदानं तोंडावर पदर घेतला. जमलेल्यांत कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. मधुकररावांनी पान सरकवलं आणि हात धुतले. "इतकी कीर्तनं ऐकून हेच शिकलात, त्र्यंबकराव?"

अक्कांना राग येत होता, आणि जसजसा येत होता तसतसा त्यांचा रंग परत येत होता. "ऊठ," त्या म्हणाल्या. "ऊठ तिथून. माझ्या पातेल्याजवळ पुन्हा दिसलास तर बघ. आणि तू ग, कुंदे, याला वाचवायला माझ्याशी खोटं बोललीस? कशाला ग पोरी?" त्यांनी कुंदाला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. कुंदा रडत होती. कशासाठी, ते तिथे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मधुकररावांनी जाता जाता निर्णय दिला. अक्कांचा काही दोष नव्हता, तेव्हा उत्सवाचं स्वयंपाकघर अक्का आणि कुंदाकडेच राहील. त्र्यंबकरावांनी मात्र उत्सवात सभामंडपाच्या खांबापलीकडे पाऊल टाकायचं नाही. कनातीपलीकडून बंडू सगळं ऐकत होता. स्टॉल आवरताना तो येऊन आमचं रिकामं पातेलं गाडीत चढवायला हात लावून गेला.

अक्कांनी त्यानंतर तीन उत्सव केले. आमटीला कुणी नावं ठेवली नाहीत, ठेवण्यासारखं काही नव्हतंही. मी मात्र बदनाम झालो ते झालोच. मी पंगतीत बसलो की जुनी माणसं थट्टेनं विचारायची, "त्र्यंबकराव, आधीच जेवून आलात ना?" मी हसायचो.

चौथ्या वर्षी अक्का चुलीशी नव्हत्या. स्वयंपाक कुंदाच करत होती, आणि अक्कांना तिनं भिंतीशी पाटावर बसवलं होतं, नुसतं बघायला. गोविंदबुवांच्या चिरंजीवांना त्यांनी ओळखलं नाही. मधुकररावांना 'तुमचं गाव कुठलं?' म्हणून विचारलं. कुंदालासुद्धा त्या नुसतं 'पोरी' म्हणत होत्या, नाव येत नव्हतं.

त्या दिवशी कीर्तन उभं राहायला अवकाश होता. मी खांब ओलांडला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिलो.

"अक्का, ओळखलंत का?"

त्यांनी मान वर केली. माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला. मी नाव सांगणार नव्हतो, त्यांच्या तोंडून येतंय का ते मला बघायचं होतं. नाही आलं. मग त्या पाटावरून पुढे वाकल्या, आमटीच्या पातेल्यावरचं तिरकं झालेलं झाकण दोन्ही हातांनी नीट बसवलं, आणि मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं कुंदाला म्हणाल्या, "पोरी, हा कोण ग? कोण का असेना, पण याला आत येऊ देऊ नकोस."

"नाही येऊ देत, अक्का," कुंदा म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता तिनं दार हळूच लोटून घेतलं.